गुणपत्रिकेवर ८२, पण बातमी वाचता येत नाही: पालकांनी काय करावं?

‘मुलीला मराठीत ८२ गुण आहेत, पण वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी तिला धड वाचता येत नाही. मग ते गुण खरे की खोटे?’ शाळांचे निकाल लागले की पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. त्याची उलटी बाजूही तितकीच ऐकू येते: ‘मुलगा सुट्टीभर गोष्टींच्या पुस्तकांत बुडालेला असतो, आणि चाचणीत मात्र ‘क’ श्रेणी घेऊन येतो.’ दोन्हीकडचे पालक सारखेच चक्रावलेले असतात आणि दोघेही बहुतेक वेळा शिकवणी शोधायला निघतात.

उत्तर आधीच सांगून टाकतो. शाळेतली चाचणी आणि मुलाची वाचनाची पातळी या दोन गोष्टी एकमेकींशी जुळतीलच असं नाही, कारण बहुतेक चाचण्या वाचन मोजण्यासाठी बनवलेल्याच नसतात. त्या त्या इयत्तेचा अभ्यासक्रम किती पोचला, हे त्या मोजतात. तुमचं मूल इयत्तेला साजेसं वाचतं का, हे कळायला त्याला शेजारी बसवून वाचताना ऐकावं लागतं. ते कसं करायचं, त्यातून काय कळतं आणि पुढे शाळेकडे काय मागायचं, ते पाहू.

आधी पाहा, हातात कोणता निकाल आहे

प्रत्येक कागदाचा हेतू वेगळा असतो. तो लक्षात न घेता आकडा वाचला की गोंधळ ठरलेला.

- प्रगतिपुस्तकातली श्रेणी. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तिच्यात पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा भार ७० टक्के आणि संकलितचा ३० टक्के ठेवला गेला. इयत्ता वाढते तसं हे प्रमाण बदलतं आणि सातवी-आठवीला ४०-६० होतं. आकारिकमध्ये तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय, उपक्रम असं सगळं येतं. म्हणून ‘अ-२’ श्रेणी म्हणजे ८१ ते ९० गुण, एवढंच तुम्हाला कळतं. त्यातलं वाचन किती आणि रंगवलेला तक्ता किती, हे कळत नाही.
- नियतकालिक मूल्यांकन चाचणी. शासकीय आणि अनुदानित शाळांत ‘स्टार्स’ प्रकल्पाखाली सुरू झालेल्या पायाभूत आणि संकलित चाचण्या या गटातल्या. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच असते, म्हणून तुलनेला बऱ्या. लेखीबरोबर तोंडी भागही असतो. त्यात काय नोंदलं गेलं, ते आवर्जून विचारा.
- ‘असर’ आणि ‘परख’. ही नमुना सर्वेक्षणं आहेत. ‘असर’ २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतं. ‘परख’ने ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक वर्गांची पाहणी केली. जिल्ह्याचं, राज्याचं चित्र यांतून मिळतं. तुमच्या मुलाचा वेगळा निकाल यांतून मिळत नाही आणि कोणी तसा मागूही नये.
- शिष्यवृत्ती, ऑलिम्पियाड वगैरे. या निवडीच्या परीक्षा. इथे मागे पडणं म्हणजे इयत्तेत मागे पडणं नव्हे.

गुण आणि वाचन कुठे फारकत घेतात

सगळ्यात मोठी गडबड उताऱ्यात असते. वर्गातल्या कित्येक चाचण्यांत उतारा पाठ्यपुस्तकातलाच असतो, किंवा गाईडात नाहीतर ‘अपेक्षित’मध्ये येऊन गेलेला. वर्षभरात तो धडा मुलांच्या कानावरून इतक्यांदा गेलेला असतो की पहिले दोन शब्द दिसले की उरलेलं वाक्य आठवणीतून बाहेर पडतं. हे वाचन नव्हे, पाठांतर; पण कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. दुसरी-तिसरीच्या मुलाला पुस्तकातला धडा वाचायला सांगा आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ असं विचारा. जे मूल पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जाऊन घोकत घोकत त्या शब्दापर्यंत येतं, ते वाचत नसतं.

दुसरी गडबड पर्यायांची. चार पर्यायांचे २० प्रश्न असतील, तर एक अक्षरही न वाचता नुसत्या खुणा करत गेलेल्या मुलाचे सरासरी ५ बरोबर येतात. त्यात एखादा विचित्र पर्याय सहज ओळखू येणारा असेल, तर आकडा आणखी चढतो. अशा चाचणीत ३५ टक्क्यांच्या आसपासचे गुण वाचनाबद्दल जवळपास काहीच सांगत नाहीत.

याच्या उलट, वाचता येणाऱ्या मुलाचे गुण जातात ते लिहिण्यात. उतारा कळलेला असतो, उत्तर तोंडी सांगता येतं, पण पूर्ण वाक्यात, शुद्धलेखनासह, वेळेत उतरत नाही. मराठीच्या पेपरात व्याकरण आणि निबंधही असतात. ‘क’ श्रेणी आणलेला तो पुस्तकवेडा मुलगा बहुधा इथे अडकलेला असतो. त्याला वाचनाचा वर्ग लावणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्याची ओळख करून देणं.

आणि एक जागा अशी, जिथे पालकच काय, शाळाही फसते. ती म्हणजे गणित. शाब्दिक उदाहरण चुकलं की गणित कच्चं, असा शिक्का बसतो. एकदा करून पाहा: तेच उदाहरण तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, काहीही समजावून न सांगता. मुलानं ते झटकन सोडवलं, तर गणित ठीक आहे, अडचण वाचनात आहे. परिसर अभ्यास आणि विज्ञानालाही हेच लागू पडतं. तिसरी-चौथीपर्यंत वाचन सांभाळून नेता येतं, कारण धडे छोटे असतात आणि शिक्षक वाचून दाखवतात. पाचवीनंतर प्रत्येक विषय वाचनावरच उभा राहतो आणि मग ‘अचानक सगळ्याच विषयांत घसरला’ अशी तक्रार येते. ती घसरण अचानक झालेली नसते.

इयत्तेला साजेसं वाचन म्हणजे किती?

केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानानं २०२१ मध्ये याची ढोबळ मापं ठरवून दिली. महाराष्ट्रातलं ‘निपुण महाराष्ट्र’ त्यावरच आधारलेलं आहे. घरी वापरायला ती पुरेशी आहेत:

- पहिलीच्या अखेरीस: चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं, न पाहिलेल्या मजकुरातली.
- दुसरीच्या अखेरीस: मिनिटाला ४५ ते ६० शब्द, अडखळल्याशिवाय.
- तिसरीच्या अखेरीस: न पाहिलेल्या मजकुरातले मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून.

या आकड्यांना चिकटून मात्र बसू नका. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतात. ‘शेजाऱ्यांच्यासुद्धा’ हा मोजणीत एकच शब्द. म्हणून इंग्रजी वाचनाचे वेग मराठीला लावणं चुकीचं आहे आणि लांबलचक शब्दांच्या उताऱ्यात ५० शब्द झाले तरी चिंता करण्यासारखं काही नाही. ‘न पाहिलेला मजकूर’ आणि ‘अर्थ समजून’ या दोन अटी वेगापेक्षा मोलाच्या.

बातम्यांमधला एक आकडाही नीट वाचायला हवा. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना, सुमारे ४९ टक्क्यांना, *दुसरीच्या पातळीचा* मजकूर वाचता आला. त्या तपासणीतली सर्वात अवघड पायरीच दुसरीच्या पातळीची गोष्ट ही आहे. म्हणजे पाचवीतल्या मुलानं ती वाचली, तर ते पाचवीच्या तोडीचं वाचतं असं सिद्ध होत नाही; ते दुसरीच्या खाली नाही, इतकंच सिद्ध होतं.

घरच्या घरी दहा मिनिटांची तपासणी

१. मजकूर निवडा. मुलानं आधी पाहिलेला नको. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत आणि त्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक उत्तम. १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. मुलाच्या इयत्तेचा एक उतारा आणि दोन इयत्ता खालचा एक, असे दोन घ्या.

२. वेळ निवडा. परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, पाहुण्यांसमोर तर मुळीच नको. भावंडंही शेजारी नसलेली बरी.

३. सोप्यापासून सुरुवात करा. खालच्या पातळीचा उतारा आधी द्या. तो जमला तर वरचा. तोही सहज गेला तर तिथेच थांबा.

४. ऐका, दुरुस्त करू नका. हे पालकांना सगळ्यात जड जातं. मूल अडलं तर पाचेक सेकंद थांबा, मग तो शब्द सांगून पुढे जाऊ द्या. तुमच्याकडच्या प्रतीवर पेन्सिलीनं खूण करा: अडलेला शब्द, गाळलेला शब्द, बदललेला शब्द.

५. पुस्तक मिटून प्रश्न विचारा. तीन पुरेत. एक थेट गोष्टीतला (‘कुत्रा कुठे लपला?’), एक ओळींच्या मधला (‘आजी का हसली असेल?’), आणि एक शब्दाच्या अर्थाचा.

६. तिसरा, नवा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तसेच प्रश्न विचारा. ही पायरी टाळू नका. खरं निदान इथेच होतं.

चुका मोजताना थोडं तारतम्य हवं. ‘पाणी’चं ‘पानी’ किंवा ‘केळं’चं ‘केळ’ झालं, तर ती घरची बोली आहे, वाचनाची चूक नव्हे. घरी अहिराणी, भिली, गोंडी, कोरकू किंवा कोकणी बोलली जात असेल, तर हे जास्तच दिसेल. ऱ्हस्व-दीर्घाकडेही वाचताना दुर्लक्ष करा. मात्र ‘कर्म’चं ‘क्रम’ होणं, जोडाक्षर आलं की शब्दच टाळणं, काना-मात्रा गाळल्यानं अर्थ बदलणं, या चुकांकडे लक्ष द्या.

ऐकल्यावर काय ओळखायचं

*अडखळत वाचतं, पण तुम्ही वाचून दाखवलं की सगळं कळतं.* अडचण अक्षर ते शब्द या टप्प्यावर आहे. उपाय सरळ आहे: दोन इयत्ता खालचा मजकूर, रोज पंधरा-वीस मिनिटं, मोठ्यानं, कोणाच्या तरी सोबतीनं. जोडाक्षरं आणि रफार वेगळे काढून सराव द्या. ‘चौथीत आहे, दुसरीचं पुस्तक कसं देऊ?’ हा संकोच मुलाचं नुकसान करतो. शाळेतही इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत आहे आणि ती ‘प्रथम’सारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं वापरलेली आहे.

*घडाघडा वाचतं, पण विचारलं तर काही सांगता येत नाही.* हे मूल शाळेत हुशार म्हणून खपतं, त्यामुळे सगळ्यात उशिरा सापडतं. वाचून दाखवल्यावरही कळलं नाही, तर शब्दसंग्रह तोकडा आहे. घरची भाषा वेगळी असली किंवा माध्यम इंग्रजी असलं की हे बरेचदा आढळतं. इथे आणखी वाचून घेण्यापेक्षा आणखी बोलणं उपयोगी: रोज एक गोष्ट वाचून दाखवा, मध्येच थांबा, ‘पुढे काय होईल?’ विचारा. इंग्रजी माध्यमातल्या मुलाची तपासणी मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत करा. मराठीत कळतं आणि इंग्रजीत नाही, तर प्रश्न भाषेच्या ओळखीचा आहे, बुद्धीचा नाही.

*हळू वाचतं, पण नेमकं समजतं.* घाई करू नका. सराव वाढला की वेग येतो. चाचणीत वेळ कमी पडत असेल, तर तेवढंच शिक्षकांच्या कानावर घाला.

*सगळं नीट, तरी गुण कमी.* उत्तरपत्रिका पाहा. दोष लिहिण्यात, प्रश्न समजण्यात किंवा परीक्षेच्या भीतीत सापडेल.

शाळेत जाताना

‘गुण कमी का?’ असं विचारलं की ‘अभ्यास घ्या’ असं उत्तर मिळतं आणि भेट संपते. त्याऐवजी आपण केलेल्या खुणांचा कागद सोबत न्या आणि हे विचारा:

- या चाचणीत उतारा पुस्तकातला होता की बाहेरचा?
- माझ्या मुलाचं एकट्याचं वाचन तुम्ही कधी ऐकलं आहे? त्याची पातळी काय नोंदली आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट?
- संकलित चाचणीत कोणत्या अध्ययन निष्पत्तीत ते मागे आहे?
- पुढच्या दोन महिन्यांत शाळा काय करणार, आणि घरी आम्ही काय करायचं?

ही विचारणा म्हणजे आगाऊपणा नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणं, गरजेप्रमाणे जादा मार्गदर्शन करणं आणि पालकांना नियमित भेटून प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. मात्र एका वर्गात चाळीस मुलं आणि हातात दहा नोंदवह्या असलेल्या शिक्षकाशी बोलताना कायद्याचं कलम पहिल्याच वाक्यात काढू नका. बहुतेक शिक्षकांना कोणतं मूल वाचत नाही हे पक्कं ठाऊक असतं. त्यांना पालकांची साथ हवी असते.

साथ देऊनही काहीच हललं नाही, तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. शासकीय आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथे विषय मांडा. त्यानंतर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा, अशी तरतूद आहे.

पाचवी आणि आठवीच्या पालकांसाठी

२०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना या दोन इयत्तांत परीक्षा घेऊन मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा सुरू झाली. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के लागतात. हे लक्षात ठेवा:

- पहिल्या प्रयत्नात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला लगेच मागे ठेवता येत नाही. निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी आणि त्याआधी जादा मार्गदर्शन मिळालं पाहिजे.
- पुनर्परीक्षेतही अपयश आलं, तरच त्याच वर्गात ठेवलं जातं.
- कोणत्याही स्थितीत प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. ‘दाखला घेऊन जा’ असा सल्ला तोंडी दिला गेला, तर तो लेखी मागा.
- नापास झालं म्हणून मारणं, वर्गासमोर अपमान करणं हे कलम १७ नुसार निषिद्ध आहे.

आमचं मत विचाराल, तर वाचता न येणाऱ्या पाचवीच्या मुलाला पुन्हा पाचवीचंच पुस्तक वर्षभर देऊन काही साधत नाही. त्याला दुसरी-तिसरीच्या पातळीपासून वाचन हवं असतं, मग ते पाचवीत बसो की सहावीत. उन्हाळ्यातले ते दोन महिने प्रश्नसंच सोडवण्यात न घालवता वाचनात घालवा.

तज्ज्ञांकडे कधी?

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं न दिसणारं मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खातं. डोळे-कान ठीक असूनही, नियमित शाळेत जाऊन आणि काही महिने खरोखर सराव करूनही अक्षरं उलटसुलट होत असतील, एकच शब्द दर ओळीत नव्यानं वाचावा लागत असेल, बोलण्यात चुणचुणीत मूल कागद दिसला की गप्प होत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. निश्चित निदान साधारण आठ वर्षांनंतर होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत शीव, केईएम आणि नायर या रुग्णालयांत ही तपासणी होते. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. खासगी समुपदेशकाचा अहवाल मुलाला समजून घ्यायला उपयोगी पडतो, पण सवलतीसाठी प्रमाणपत्र सक्षम शासकीय यंत्रणेचंच लागतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी दोन शब्द

तिथले निकाल वेगळ्याच प्रकारे फसवतात. तिसरीतल्या मुलाच्या कागदावर ‘इयत्ता-समतुल्य ५.२’ असं दिसलं, तर ते मूल पाचवीचं वाचतं असं नाही. *तिसरीच्या* चाचणीत पाचवीतल्या सरासरी मुलानं जेवढं केलं असतं तेवढं त्यानं केलं, इतकाच त्याचा अर्थ. राष्ट्रीय पाहणीतली ‘प्रोफिशियंट’ ही पायरीही इयत्तेच्या पातळीहून वरची आहे. २०२४ मध्ये चौथीची ३१ टक्के मुलंच वाचनात तिथवर पोचली. म्हणून उरलेली सगळी इयत्तेच्या मागे आहेत, असं मात्र म्हणता येत नाही. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत: ६० वा पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या साठ मुलांच्या पुढे.

एवढं टाळा

एका चाचणीवरून शाळा किंवा माध्यम बदलू नका. शेजारच्या मुलाशी शब्दांचा वेग मोजून शर्यत लावू नका. तपासणी दर आठवड्याला करू नका, तीन महिन्यांतून एकदा पुरे. अधूनमधून मुलाला नुसतं वाचू द्या, चित्रं बघत का होईना. आणि पुढच्या पालकसभेला वर्गशिक्षकांना एवढी एक विनंती कराच: गुणांचा रकाना दाखवण्याआधी मुलाला पुस्तकाबाहेरचा एक उतारा आमच्यासमोर वाचायला द्या.